लोगन १.६ चा टायमिंग बेल्ट : तीन खोकी आणि एक इंजिन

आमच्या गॅरेजमध्ये आलेली गाडी २००८ ची महिंद्रा रेनॉ लोगन, १.६ पेट्रोल. काम टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला खालचा क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप बदलण्याचं. तक्रार अशी काहीच नव्हती. इंजिन शांत चालत होतं, पिकअप नीट होता, खालून तेल गळत नव्हतं. पण गाडी घेऊन आलेले काका तिचे तिसरे मालक. आधीच्या बिलांच्या गठ्ठ्यात एका ठिकाणी नुसतं ‘बेल्ट बदलला’ असं लिहिलेलं. तो टायमिंगचा की बाहेरचा अल्टरनेटरचा, हे त्या बिलावरून देवालाही कळलं नसतं. अशा गाडीत टायमिंग बेल्ट बदललेला नाही असंच धरून चालावं. या इंजिनात बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवा, वाकलेले व्हॉल्व्ह काढा, गाइड (व्हॉल्व्ह ज्यांतून सरकतात त्या नळ्या) तपासा. आणि अशा जुन्या गाडीवर एवढा खर्च करायचा की नाही, यावरून घरात वाद घाला.

बेल्ट बदलणं हे अर्ध्या-पाऊण दिवसाचं काम. ते अडलं बेल्ट मिळवण्यात.

नाशिककरांना लोगन परकी नाही. इथल्याच महिंद्राच्या कारखान्यातून ती २००७ पासून बाहेर पडायला लागली. इंजिनं तीन होती: १३९० सीसी पेट्रोल, १५९८ सीसी पेट्रोल आणि १४६१ सीसी डिझेल. २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये गाडीचं नाव व्हेरिटो झालं आणि व्हेरिटोत पेट्रोल उरलं ते १.४ चं. टॅक्सीवाल्यांनी डिझेल उचलली, म्हणून दुकानांच्या फळीवर डिझेलचा माल सहज सापडतो. १.६ पेट्रोल मधल्यामध्ये पोरकी झाली. तिचं नाव घेतलं की काउंटरमागचा माणूस आधी छताकडे बघतो, मग म्हणतो, “बघतो हं, काय बसतंय ते.”

काकांनी आमच्याकडे यायच्या आधीच बाजार पालथा घातला होता. पहिल्या दुकानात त्यांच्यापुढे व्हेरिटो १.४ पेट्रोलचा बेल्ट ठेवला गेला. काकांनी तो हातातही घेतला नाही. “माझी गाडी एक पॉइंट सहा आहे, एक पॉइंट चारचा पट्टा मला कशाला देताय?” दुसऱ्या दुकानदाराला हे पटलं. तो म्हणाला, “१.६ पेट्रोल ना? मग डस्टरचा न्या. रेनॉचंच १.६ आहे, इंजिन तेच.” काकांना हे तर्कशुद्ध वाटलं आणि ते खोकं घेऊन आले. शिवाय मुलाने पुण्याहून ऑनलाइन एक मागवून ठेवला होता. त्याच्या वर्णनात लोगन, व्हेरिटो, डस्टर, टेरानो अशी चारही नावं एका ओळीत होती. इंजिन कोणतं याचा पत्ता नाही. विकणाऱ्याने जेवढी गिऱ्हाइकं तेवढी नावं लिहिली होती, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे गाडी आमच्या दारात आली तेव्हा सोबत दोन बेल्ट होते, तिसरा दुकानातच राहिलेला होता, आणि काकांचा प्रश्न एकच: “या दोघांतला कुठला टाकताय?”

आधी इंजिनाचा कोड

आमच्याकडचा नियम असा की गाडीचं नाव, मॉडेलचं वर्ष आणि सीसी या तिन्ही गोष्टी ऐकून घ्यायच्या, पण बेल्ट ठरवायचा तो ब्लॉकवरच्या (इंजिनाच्या खालच्या मुख्य भागावरच्या) पट्टीवर कोरलेल्या इंजिन कोडवरून. मिस्त्रीने चिंधीला डिझेल लावून पट्टी पुसली, टॉर्च मारला. सुरुवातीची तीन अक्षरं स्पष्ट होती: के७एम. पुढे तीन आकडी क्रमांक.

रेनॉची ही पद्धत एकदा समजली की अर्धं काम होतं. पहिलं अक्षर ब्लॉकच्या कुळाचं. मधला आकडा हेड आणि इंधनाची मांडणी सांगतो. शेवटचं अक्षर सीसी दाखवतं. लोगनचं १.४ पेट्रोल म्हणजे के७जे, १.६ पेट्रोल म्हणजे के७एम, डिझेल म्हणजे के९के. भारतात २०१२ मध्ये आलेल्या डस्टरचं १.६ पेट्रोल आहे के४एम. टेरानोतलं १.६ पेट्रोलही तेच.

आता के७एम आणि के४एम शेजारी ठेवून बघा. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ८०.५ मिलिमीटर, सीसी १५९८. कुळ एक. दुकानदार ‘इंजिन तेच’ म्हणाला ते खालच्या अर्ध्या भागापुरतं बरोबरच होतं. फरक मधल्या आकड्यात आहे, म्हणजे हेडमध्ये. के७ ला आठ व्हॉल्व्ह आणि एक कॅम. के४ ला सोळा व्हॉल्व्ह आणि दोन कॅम. एका कॅमच्या इंजिनात बेल्ट क्रँकवरून निघतो, वॉटर पंपावरून जातो, एका कॅम पुलीला वळसा घालतो आणि टेन्शनरवरून परत येतो. दोन कॅमच्या इंजिनात वरती दोन मोठ्या पुल्या शेजारी शेजारी, त्यात बेल्टला नुसती वाट देणारा आणखी एक आयडलर रोलर. तेवढा लांब बेल्ट लागणारच.

मापंही तेच सांगतात. के७एम चा बेल्ट ९६ दातांचा, रुंदी १७ मिलिमीटरच्या थोडी वर. के४एम चा १३२ दातांचा, रुंदी २७ च्या थोडी वर. डस्टरचं खोकं उघडून बेल्ट बाहेर काढला तेव्हा काकांच्याही लक्षात आलं. दोन्ही हातांत ताणून धरला तर तो छातीएवढा रुंद फाकत होता, आणि टायमिंग कव्हरच्या आत त्याला जागाच नव्हती.

ऑनलाइन आलेला बेल्ट फसवा होता, कारण तो नजरेला ‘मधला’ वाटत होता. रुंदी डस्टरच्या पेट्रोलएवढीच, २७ मिलिमीटर. लांबी जरा कमी. दात मोजले तर १२३. हा डिझेलचा, के९के चा बेल्ट. ओळीतल्या चार गाड्यांपैकी कुठल्याही गाडीच्या डिझेल इंजिनाशी त्याचं नातं जुळतं, काकांच्या पेट्रोलशी मात्र अजिबात नाही.

कोड वाचता आला नाही तर काय, असं लोक विचारतात. पट्टी गंजलेली असते, कधी कुणी इंजिन बदललेलं असतं. तेव्हा बॉनेट उघडून प्लगकडे बघायचं. लोगनच्या आठ व्हॉल्व्हच्या पेट्रोलला एकच कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आणि तिच्यातून निघणाऱ्या चार प्लग वायरी दिसतात. सोळा व्हॉल्व्हच्या के४एम ला वायरी नाहीत, प्रत्येक प्लगवर एक लांबुळकी कॉइल उभी असते. एवढ्यावर बेल्ट मागवू नये, पण चुकीचं खोकं काउंटरवरूनच परत पाठवायला हे पुरतं.

मग १.४ चा का चालतो?

काकांना डस्टरचा बेल्ट चालत नाही हे चटकन पटलं. १.४ चा चालतो हे पटायला वेळ लागला. तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. या सगळ्या प्रकरणात समजून घेण्यासारखं तेवढंच आहे.

टायमिंग बेल्टला सीसीशी देणंघेणं नसतं. त्याला कळतं फक्त अंतर: क्रँकच्या मध्यापासून कॅमच्या मध्यापर्यंतचं, आणि वाटेतल्या पुल्या, पंप, रोलर यांच्या जागा. हे अंतर ठरतं ब्लॉकच्या आणि हेडच्या उंचीवरून. के७जे आणि के७एम यांचा बोअर सारखाच, ७९.५. सीसी वाढली ती स्ट्रोक ७० वरून ८०.५ मिलिमीटर केल्यामुळे. स्ट्रोक वाढला की पिस्टन वर अर्धा जास्त जातो आणि खाली अर्धा जास्त येतो, म्हणजे वरच्या बाजूला सव्वापाच मिलिमीटरची भर. ब्लॉकची उंची तीच ठेवायची तर हे सव्वापाच मिलिमीटर कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनच्या मापातून कमी करावे लागतात. तसं केलं की हेड जिथल्या तिथे राहतं, कॅम तिथेच राहतो, आणि बेल्टला कळतही नाही की आत क्रँक बदललाय. म्हणून १.४ आणि १.६ दोघांनाही तोच ९६ दातांचा बेल्ट.

हे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक इंजिनाला लागू करू नका. कित्येक ठिकाणी स्ट्रोक वाढवताना ब्लॉकच उंच करतात. मग हेड वर सरकतं, पुल्यांमधलं अंतर वाढतं आणि बाकी सगळं सारखं असूनही बेल्ट एक-दोन दातांनी लांब लागतो. तिथे ‘छोट्या भावाचा बेल्ट’ टाकला तर घात होतो. त्यामुळे १.४ चा चालतो हा नियम नाही, ही या दोन इंजिनांची गोष्ट आहे.

रशियात याच कोड्याला रोज तोंड द्यावं लागतं. तिथल्या लाडा लार्गसमध्ये २०१२ पासून हीच दोन १.६ पेट्रोल इंजिनं येत होती: आठ व्हॉल्व्हचं के७एम आणि सोळा व्हॉल्व्हचं के४एम. गाडी एक, नाव एक, सीसी एक, बेल्ट दोन. त्यामुळे तिथे काउंटरवर पहिला प्रश्नच ‘आठ की सोळा’ असा असतो. आपल्याकडे लोगन आणि डस्टर वेगवेगळ्या नावांच्या गाड्या असल्यामुळे तो प्रश्न कुणाला सुचत नाही.

जुना बेल्ट: साक्षीदार, पण एकटा पुरेसा नाही

पहिल्या दुकानात फोन केला. १.४ चा बेल्ट अजून तिथेच होता. “शेठ, तो लोगनवाल्या काकांनी नाकारलेला बेल्ट पाठवा,” एवढं म्हटल्यावर पलीकडून हसू ऐकू आलं. तो येईपर्यंत जुना बेल्ट उतरवला.

उतरवायच्या आधी क्रँक हाताने फिरवून खुणा जुळवल्या आणि कॅम पुलीवर, क्रँकवर आणि बेल्टवर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारले. जुन्या बेल्टच्या पाठीवरचा छापा पूर्ण उडालेला होता. कंपनीचं नाव सोडा, एक आकडाही वाचता येत नव्हता. दातांच्या मुळाशी बारीक चिरा होत्या, एका कडेला दोरे बाहेर आले होते. मागच्या मालकाने बदललेला ‘बेल्ट’ हा नव्हता, हे तिथेच स्पष्ट झालं.

दात मोजायची आमची पद्धत साधी आहे. एका दातावर खडूने खूण करायची आणि दर दहाव्या दाताला एक रेघ ओढत जायचं. शेवटी नऊ रेघा आणि वर सहा दात. मग दुसऱ्या माणसाने उलट दिशेने मोजायचं. एकाच माणसाने दोनदा मोजलं तर तो पहिल्यांदा जे आलं तेच दुसऱ्यांदा आणतो, हा माझा अनुभव आहे. रुंदी व्हर्नियरने तीन ठिकाणी घेतली, कारण कड झिजलेली होती आणि एकाच ठिकाणी माप घेतलं असतं तर ते कमी भरलं असतं.

जुना बेल्ट ९६ भरला, कोडवरून जे अपेक्षित होतं तेही ९६. दोन्ही जुळले म्हणून पुढे गेलो. तिसऱ्या-चौथ्या हाताच्या गाडीत जुना बेल्ट हा पुरावा मानणं धोक्याचं असतं. आधीच्या मिस्त्रीने जवळपासचा बेल्ट ओढूनताणून बसवलेला असू शकतो आणि आपण त्याच मापाचा नवा आणतो. कोड एक सांगतो आणि जुना बेल्ट दुसरं सांगतो, असं झालं तर काम थांबवायचं आणि चेसिस नंबरवरून अधिकृत पार्ट नंबर काढायचा.

दात आणि रुंदी जुळली तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे दाताचा आकार आणि दातापासून दातापर्यंतचं अंतर. काही बेल्टचे दात चौकोनी उताराचे, काहींचे गोल. अंतरही सगळीकडे एकच नसतं: ९.५२५ मिलिमीटर हे बरंच आढळतं, नव्या इंजिनांमध्ये ८ मिलिमीटरही असतं. नवा बेल्ट कॅम पुलीवर हाताने गुंडाळून बघायचा. प्रत्येक दात खाचेत तळापर्यंत बसला पाहिजे. पहिले चार-पाच दात बसतात आणि पुढे बेल्ट किंचित वर चढायला लागतो, तर अंतर वेगळं आहे. बसला आहे पण बाजूने हलवल्यावर खाचेत डुलतो, तर दाताचा आकार वेगळा आहे. १.४ च्या खोक्यातला बेल्ट पुलीवर अर्धा वळसा घेऊन एकसारखा बसला.

हे सगळं एवढं घोळवून करायचं कारण असं की पूर्ण चुकीचा बेल्ट नुकसान करत नाही. डस्टरचा १३२ दातांचा बेल्ट या इंजिनावर चढलाच नसता. गेला असता तो फक्त एक दिवस. नुकसान करतो तो जवळपास बरोबर असलेला. बेल्ट एक दात लांब असेल तर टेन्शनर ती ढिलाई गिळून टाकतो. इंजिन चालू होतं, आयडल पण ठीक वाटतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. टेन्शनर मात्र त्याच्या टोकाला जाऊन बसलेला असतो. पुढे रबर थोडं ताणलं, थंडीत सकाळी जोरात स्टार्टर मारला, की बेल्ट एखाद-दुसरा दात उडी मारतो. क्रँकच्या चक्राला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. तेवढ्यात गाडी मरतुकडी होते, आणखी एक-दोन दात सरकले तर व्हॉल्व्ह वाकतात. ‘बसला ना? मग बरोबरच असणार’ हे बेल्टच्या बाबतीत म्हणूच नये.

बसवताना

बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंप बदलला. पंप याच बेल्टवर चालतो. नवा बेल्ट जुन्या पंपावर चढवला आणि पंपाचं बेअरिंग नंतर गेलं, तर बेल्टही त्याच्याबरोबर जातो आणि सगळं उघडायचा खर्च दुसऱ्यांदा येतो. काकांनी इथे थोडी घासाघीस केली. “पंप गळत तर नाहीये.” खरंच गळत नव्हता. पण हाताने फिरवला तेव्हा बेअरिंगमध्ये खरखर लागत होती, ती त्यांच्याच बोटांना जाणवू दिली. पुढे काही बोलावं लागलं नाही.

टेन्शनरच्या बाबतीत के७एम आणि के४एम पुन्हा वेगळे पडतात. डस्टरच्या के४एम ला आपोआप ताण घेणारा टेन्शनर आहे, त्यावर काटा असतो आणि तो ठरलेल्या जागी आणायचा. त्या इंजिनात कॅम हलू नयेत म्हणून त्यांच्या मागच्या टोकांच्या खाचांत पट्टी घालून ते धरून ठेवावे लागतात. लोगनच्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाला हा थाट नाही. टेन्शनर हाताने फिरवून ताण द्यायचा आणि नट आवळायचा. सोपं वाटतं, पण ताण देणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून. जास्त ताणला की बेल्ट गुंजारव करतो आणि पंपाचं बेअरिंग खातो. कमी ताणला तर वर सांगितलेली उडी. आमच्या मिस्त्रीने ताण दिला, क्रँक स्पॅनरने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि मग खुणा पुन्हा बघितल्या. दोन फेरे यासाठी की कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. कॅमचा एक फेरा पुरा व्हायला क्रँकचे दोन लागतात. खुणा जुळल्या, ताण किंचित उतरला होता, तो पुन्हा दिला. फिरवताना कुठेही अडकलं तर जोर लावायचा नाही. अडकणं म्हणजे पिस्टन व्हॉल्व्हला लागतोय.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. कव्हर लावायच्या आधी थोडा वेळ चालू ठेवून बेल्ट पुलीच्या कडेकडे सरकतोय का ते बघितलं. नाही सरकत.

पुढच्या मिस्त्रीसाठी कव्हरवर चिठ्ठी चिकटवली: तारीख, किलोमीटर, के७एम, ९६ दात, १७ मिमी. रशियात या इंजिनाला ६० हजार किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी होईल ते, असा हिशेब धरतात. काका महिन्याला फार गाडी चालवत नाहीत, म्हणून त्यांना चार वर्षांचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून दिला. कमी चालणाऱ्या गाडीतलं रबरसुद्धा म्हातारं होतं, हे लोकांना पटत नाही.

डस्टरचा बेल्ट दुकानदाराने बदलून दिला नाही. खोकं उघडलंय म्हणाला. ऑनलाइनचा के९के चा आमच्याच कपाटात राहिला. पुढे एक टॅक्सीवाला व्हेरिटो डिझेल घेऊन आला. त्याला कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं की डस्टरचं काहीही व्हेरिटोला चालत नाही. काकांच्या बाबतीत ते खरं होतं, याच्या बाबतीत नाही, कारण डस्टर डिझेलच्या ब्लॉकवरही के९केच लिहिलेलं असतं. तरी बेल्ट लगेच टाकला नाही. के९के हे इंजिन इतक्या गाड्यांमध्ये आणि इतकी वर्षं वापरलं गेलंय की कोडच्या पुढचे तीन आकडे बघितल्याशिवाय किट (बेल्ट, टेन्शनर वगैरेंचा संच) ठरवता येत नाही. डिझेल पंप बनवणारी कंपनी बदलली आहे, टेन्शनर आणि वॉटर पंपही सगळीकडे तेच आहेत असं नाही. आकडे लिहून घेतले, किट त्यावरून मागवला, आणि दात मोजायला त्या टॅक्सीवाल्यालाच बसवलं. १२३ भरले.